आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव

रविवारचं पत्रक मी वाचत नाही, त्याचा पंखा करते. बाहेर मार्चमधला मीठ टाकून काळवंडलेला बर्फ आणि आत हीटर असा पेटवलेला की कोट काढला तरी पाठीवरून घाम उतरतो. मिलवॉकीतल्या आमच्या, काळ्या लोकांच्या, चर्चमध्ये देव आणि बॉयलर या दोघांवर कुणाचाच ताबा नाही, असं क्लीओमामा म्हणतो. तर मी पंखा हलवत होते, आणि हलवता हलवता पत्रकाच्या मागच्या पानावर मला माझं नाव दिसलं. आपलं नाव छापलेलं असलं की ते आधी पोटाला कळतं, डोळ्यांना मागाहून. क्षणभर मला बरंच वाटलं. आठच दिवसांपूर्वी शाळेच्या बँडमध्ये मी ट्रॉम्बोनची, म्हणजे त्या लांब पितळी वाद्याची, पहिली खुर्ची, मुख्य वादकाची जागा, मिळवली होती, वरच्या वर्गातल्या तिघांना उठवून, आणि तेव्हापासून मी चालत नव्हतेच, रस्त्याला माझे पाय वापरू देत होते. वाटलं, मामानं अभिनंदन छापून आणलं. मग वर बघितलं. वर मथळा होता: प्रार्थना करा, आजारी व घरी असलेल्यांसाठी. त्याखाली डीकन ऑर्व्हिल टेट, खुब्याची शस्त्रक्रिया. मग मदर लुएला बँक्स, वय त्र्याण्णव, घरीच. आणि त्या दोघांच्या खाली, त्याच ठसठशीत अक्षरात, मी. झनाया प्रूइट, स्त्रियांचा त्रास, मंगळवारी डॉक्टर.

माझा पंखा थांबला. मला असं वाटलं की साऱ्या चर्चमधले पंखे थांबले आणि मग एकदम जास्त जोरात सुरू झाले, बायकांच्या तोंडापुढे. माझ्या शेजारी बसलेली ब्रिएल, जी पहिलीपासून माझी मैत्रीण आहे आणि जिला कुजबुजता येत नाही, ती म्हणाली, "झी, हे तू छापायला दिलंस?" पुढच्या बाकावरून मदर गॅडिस मागे वळल्या. आमच्या चर्चमध्ये सगळ्यात म्हाताऱ्या, पांढऱ्या कपड्यातल्या बायकांना आम्ही मदर म्हणतो, आणि त्या कधीही मागे वळत नाहीत, लोकच त्यांच्यापुढे जातात. त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातात दाबली, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, आणि मग पुन्हा तोंडाकडे, पण आता निराळ्या डोळ्यांनी. मी पोट आत ओढलं. आत ओढल्यावर कळलं की आता ते आणखीच लपवल्यासारखं दिसतंय. म्हणून सोडलं. पंधरा वर्षं जे पोट माझं होतं, ज्यात फक्त सकाळचं ऑम्लेट होतं, ते त्या एका मिनिटात सार्वजनिक झालं.

आणि मामा उभा होता मधल्या वाटेच्या तोंडाशी. तो आमच्या चर्चचा मुख्य अशर आहे, म्हणजे लोकांना जागेवर नेणारा, दानाच्या पेट्या फिरवणारा, कुणी भावनेनं कोसळलं तर सावरणारा. पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे दुमडलेला, नजर समोर. अशरनं हसायचं नसतं, पण मला त्याच्या गालावरून कळलं की तो आतून समाधानी आहे. एखादं जड पार्सल योग्य दारात ठेवून आल्यासारखा. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण ते चर्चमध्ये वाटलं होतं.

मामा माझ्या आईचा मोठा भाऊ. आई, रोशेल, मी अकरा वर्षांची असताना गेली. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, कळला तेव्हा फार उशीर झाला होता, इतकंच मला सांगण्यात आलं आणि इतकंच मी लोकांना सांगते. वडील अटलांटात, दुसऱ्या घरात, वाढदिवसाला फोन करतात आणि आवाज बारीक करून बोलतात. मामाचं लग्न झालेलं नाही, आई गेल्यापासून त्याच्या घरी आम्ही दोघंच. तो सत्तावीस वर्षं पोस्टमन आहे, आणि सत्तावीस वर्षांत त्यानं कुणाचं पोस्टकार्ड वाचलेलं नाही. पोस्टकार्ड तर उघडंच असतं, कुणीही वाचेल, पण मामा ते पालथं धरून पेटीत टाकतो. आमच्या गल्लीत कुणाला कोर्टाचं बोलावणं आलं, कुणाचा मुलगा तुरुंगातून लिहितो, कुणाच्या नवऱ्याचं टपाल आता दुसऱ्या पत्त्यावर वळवलंय, हे सगळं त्याच्या खांद्यावरून जातं, आणि त्याच्या तोंडून त्यातलं एक अक्षर कधी बाहेर पडलेलं नाही. म्हणून तर मी त्याला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलंच नसतं.

खरं तर सांगितलंही नव्हतं, ते आधी वाहून बाहेर आलं. जानेवारीत, बँडच्या तालमीत, मी उभी राहिले आणि माझ्याभोवतीची खोली कुणीतरी गुंडाळायला घेतल्यासारखी कडेनं काळी होत गेली. शुद्धीवर आले तेव्हा ट्रॉम्बोन माझ्या छातीवर होता आणि खुर्चीवर जे होतं ते ब्रिएलनं स्वतःचा स्वेटर टाकून झाकलं होतं. शाळेच्या नर्सनं आधी मला विचारलं, "बॉयफ्रेंड आहे का?" मग विचारलं, "खात्री आहे?" मग तिसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत तेच. जेवलीस का, हे कुणी विचारलं नाही. मामा गणवेशातच आला, खांद्यावर अर्धी भरलेली टपालाची पिशवी, म्हणजे फेरी अर्धी टाकून आला होता, जे त्यानं वादळातही केलं नव्हतं. त्यानं काहीच विचारलं नाही. कोट काढून माझ्या कमरेला बांधला, बाह्यांची घट्ट गाठ मारली, जशी पार्सलाला मारतो. घरी आल्यावर तीन दिवस त्यानं मला रक्त वाढावं म्हणून कांदा घातलेलं लिव्हर खायला घातलं आणि तीन दिवस तो माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला. मला लिव्हर आवडत नाही. मी खाल्लं. त्या ताटात तो काय म्हणतोय हे मला कळत होतं, पण ताटाला उलट बोलता येत नाही.

मग मार्चच्या पहिल्या शनिवारचा पुरुषांचा नाश्ता. चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा पुरुष जमतात, ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, आणि माशाच्या वड्या खातात, आणि आम्ही मुली वाढतो, म्हणजे ऐकतो. त्या दिवशी परगावच्या पाद्र्याऐवजी टॉलिव्हरबाई आल्या होत्या, आरोग्य खात्यातल्या नर्स, आमच्यातल्याच, आमच्याच रंगाच्या, कानात मोठे पितळी झुमके. त्या म्हणाल्या, आज बोलायचंय मुलींच्या शरीराबद्दल, आणि ते बायकांशी नाही, तुमच्याशी. बाप, आजोबा, मामा, काका, जो कुणी घरात आहे त्याच्याशी. चमचे थांबले. चर्चचा कारभार बघणारे डीकन टेट, ज्यांचा खुबा तेव्हा अजून जुनाच होता, ते म्हणाले, "मला दोन नाती. मी पुढच्या ओट्यावर बसतो, मांडीवर बेसबॉलची बॅट. झालं संरक्षण."

"छान," टॉलिव्हरबाई म्हणाल्या. "त्या बॅटला पाळीतलं किती कळतं?"

सगळे हसले. टेटही हसले. "बॅटला नाही कळत बाई, पण त्यांच्या आईला कळतं ना."

"आणि आई कामावर असली तर? आई नसलीच तर?"

तेव्हा कुणी हसलं नाही, आणि मी ग्रिट्सच्या पातेल्यात डाव फिरवत राहिले, कारण मला माहीत होतं कुणीतरी मामाकडे बघणार, आणि मामाकडे बघून झालं की माझ्याकडे. त्या म्हणाल्या, आपल्या पोरी नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की शाळेत, दुकानात, दवाखान्यात लोक त्यांना बायका समजायला लागतात. एकदा बाई समजलं की कुणी जपत नाही. दुखतंय म्हणाली तर सहन करेल म्हणतात, रडली तर उर्मट म्हणतात. तुम्ही दारातून पोरांना हाकलता, हाकला. पण आत बसलेल्या मुलीला काय होतंय, हे तिला तुमच्याजवळ बोलता येईल असं तुम्ही घरात काय ठेवलंय? मग लसीबद्दल सांगितलं. म्हणाल्या, एक लस आहे, पोरगी अकरा-बारा वर्षांची असताना देतात, नंतरही देता येते, आणि तिच्यामुळे तो कर्करोग टळतो ज्यानं आपल्या बायका इतरांपेक्षा जास्त मरतात. मी अकरा वर्षांची होते ते वर्ष आम्ही इस्पितळाच्या खुर्च्यांवर काढलं होतं. माझी लस कुणाला सुचणार होती. आणि तेव्हा मामानं हात वर केला, शाळेतल्यासारखा, कोपर सरळ. "किती म्हणजे जास्त?"

"काय किती, क्लीओफस?" टेटनी विचारलं.

"रक्त," मामा म्हणाला. एवढ्या पुरुषांसमोर, माशाच्या वडीवरून. "किती गेलं म्हणजे जास्त समजायचं?"

टॉलिव्हरबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्या एवढ्या लांबून गाडी चालवत या एका प्रश्नासाठीच आल्या होत्या. "दर तासाला पॅड बदलावं लागत असेल तर जास्त. चक्कर येत असेल तर आपण आधीच उशीर केलाय." मामानं खिशातून पोस्टाची चिठ्ठी काढली, ती 'आम्ही आलो होतो, आपण घरी नव्हता' वाली, आणि तिच्या मागे लिहून घेतलं. मी आत जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासली. मला रडायला येत नव्हतं. मला आतून कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं गार वाटत होतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यानं माझी मुलाखत घेतली. चष्मा लावून, चिठ्ठी हातात, नजर फ्रिजवर. तासाला किती पॅड? एक, कधी दोन. किती दिवस? आठ, कधी नऊ. गाठी? हो. केवढ्या? द्राक्षाएवढ्या, मी म्हटलं, आणि त्यानं लिहिलं, द्राक्षं, आणि त्याचे कान लाल झाले, जे आमच्यासारख्या काळ्या माणसाचे होत नाहीत असं लोक समजतात पण होतात. मग शेवटचा प्रश्न त्यानं चिठ्ठीतून वाचला नाही. "तुला कधी कुणी, तुझ्या मनाविरुद्ध, हात लावलाय का?" त्याचा आवाज मधल्या स्वल्पविरामांवर अडखळला. मी म्हटलं, नाही मामा. "लावला तर मला सांगशील?" मी म्हटलं, सांगेन. आणि मला आठवतं, मी किती मोकळी झाले होते, शब्द कसे एकामागून एक येत होते, की मला भीती वाटते, की मी शाळेत काळीच पॅंट घालते, की मी मोजून पाणी पिते म्हणजे बाथरूमला जावं लागणार नाही, असं सगळं मूर्खासारखं. तो ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, "हे आपल्या दोघांतच राहू दे." त्यानं मान हलवली. दहा दिवसांनंतरच्या मंगळवारची वेळ घेतली. आणि मग शुक्रवारी कधीतरी चर्चच्या कचेरीत जाऊन माझं सगळं आतलं, टाइप करायला दिलं.

प्रार्थनेनंतर खाली जेवण होतं, तळलेलं चिकन, हिरव्या पालेभाज्या, मॅकरोनी. मी ताट घेऊन कोपऱ्यात जायच्या आत मदर गॅडिसनी मला गाठलं. त्यांचा हात माझ्या मनगटाभोवती कोरडा आणि गरम. "बाळा, माझ्याकडे माळ्यावर पाळणा आहे," त्या म्हणाल्या, हळूच, खरोखर प्रेमानं. "माझ्या पाचही जणांना त्यात वाढवलंय. कुणाला लाजायचं नाही. आम्ही आहोत." मला त्यांना सांगता आलं असतं, मदर, तसं काही नाही. पण सांगायचं म्हणजे मग काय आहे ते सांगायचं, आणि ताटातल्या मॅकरोनीसमोर द्राक्षांएवढ्या गाठींबद्दल मी कसं बोलणार होते? मी म्हटलं, "थॅंक यू, मॅम." म्हणजे मी पाळणा स्वीकारला. त्यानंतर तासाभरात तळघरातल्या प्रत्येक बाईनं माझ्या खांद्यावर एकेकदा हात ठेवला.

गाडीत बसल्यावर मामा म्हणाला, "बघितलंस? सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली."

"सगळ्यांना वाटतंय मी गरोदर आहे."

त्यानं चावी फिरवली नाही. "कुणी म्हटलं असं?"

"मदर गॅडिस मला पाळणा देतायत, मामा. पाच पोरांना पुरलेला."

त्याचा चेहरा मी इतका रिकामा कधी बघितला नव्हता. पण मी थांबले नाही, मला थांबायचंच नव्हतं. "तू पोस्टकार्ड पालथं धरून टाकतोस. अनोळखी माणसाचं. आणि माझं? मी म्हटलं होतं दोघांतच."

"मी कुणाला सांगितलं नाही, झी. देवाला सांगितलं."

"देवाला पत्रक छापून द्यावं लागतं?"

एरवी तो हसला असता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोरच्या बर्फाच्या ढिगाकडे बघत राहिला, हातात अजून ते पांढरे मोजे. "रोशेलनं मला यादीत नाव घालू दिलं नाही," तो म्हणाला. "म्हणाली, लोक काय म्हणतील, कसला रोग, कुठला रोग. कुणाला कळलं नाही. कुणी डबा आणला नाही, कुणी प्रार्थना केली नाही, शेवटच्या महिन्यापर्यंत. मी गप्प बसलो. या वेळी मी गप्प बसणार नव्हतो." मला ते ऐकू आलं, मला ते कुठेतरी लागलंही, पण मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या खांद्यावर अजून त्या सगळ्या हातांचं ओझं होतं. मी म्हटलं, "मंगळवारी मी येत नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावेल, आता म्हणेल मी तुझा पालक आहे, माझी सही आहे. तो म्हणाला, "सही माझी आहे. शरीर तुझं आहे." आणि गाडी सुरू केली.

सोमवारी ब्रिएलनं शाळेत पहिलं वाक्य विचारलं, "पाळणा निळा की गुलाबी?" आणि मी हसले, कारण तिनं ते मला हसवण्यासाठीच म्हटलं होतं, आणि हसता हसता मला जाणवलं की बँडच्या खोलीत दोन मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी बघताच थांबल्या. रविवारची बातमी, सोमवारी शाळेत. आमच्या चर्चचं टपाल मामापेक्षा लवकर पोचतं. दिवसभर मी स्वतःशी वाद घालत होते. न गेले तर काय होईल? पुढच्या महिन्यात पुन्हा आठ दिवस, पुन्हा काळी पॅंट, पुन्हा खोली कडेनं गुंडाळली जाणार. गेले तर लोक म्हणणार, बघ, गेली. गणिताच्या तासाला मी वहीत आईचं वय काढलं, गेली तेव्हा छत्तीस, आणि त्यातून माझं वजा केलं, आणि खाली आलेल्या एकवीसकडे बघत राहिले. सुरुवात कधी होते? ज्या दिवशी पहिल्यांदा दुखतं, की ज्या दिवशी आपण ते पहिल्यांदा लपवतो? माझ्यात ते कुठवर आलं होतं हे मला माहीत नव्हतं, आणि मी रागानं ते माहीत करून घ्यायला नकार देत होते. याला शौर्य म्हणत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण राग आवडतो मला. रागात मी उंच दिसते.

साडेचारला फोन वाजला. मदर गॅडिस. "तुझ्या मामाला झालंय काय? माझ्या दारात उभा राहून पत्रक परत मागतोय."

"काय म्हणाला?"

"सत्तावीस वर्षं माझ्या घरी टपाल टाकतोय, कधी न्यायला आला नव्हता. म्हणाला, मदर, जे माझं नव्हतं ते मी छापलं. ती तशी नाहीये, आणि ती कशी आहे हे तिनं सांगितलं तर सांगेल, तुम्ही विचारू नका. मी म्हटलं आत ये, कॉफी घे. म्हणाला, अजून बरीच घरं आहेत." मग त्या हळू म्हणाल्या, "बाळा, पाळण्याचं मी... मला बोलायला नको होतं."

"असू दे, मदर."

"मी तुझ्याएवढी असताना महिन्यातले दहा दिवस अंथरुणात. माझी आई चादरी परसात जाळायची, शेजारणीला दिसू नये म्हणून. मला वाटायचं सगळ्यांच्या आया जाळतात. तू जा डॉक्टरकडे. मी विचारणार नाही."

मामा सहा वाजता आला, गणवेश काढला नव्हता, बुटात बर्फ गेलेला, हातात रबर लावलेला पत्रकांचा गठ्ठा. दिवसाची फेरी संपवून तो दुसरी फेरी करून आला होता, उलटी. पोहोचलेलं टपाल परत घेता येत नाही, हा त्याच्या खात्याचा सगळ्यात जुना नियम, तो मला लहानपणी झोपताना सांगायचा. त्यानं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि बुटाच्या नाड्या सोडायला वाकला, म्हणजे मला त्याचं तोंड दिसू नये.

"सगळी मिळाली?" मी विचारलं.

"टेटनं दिलं नाही. म्हणतो, त्यात माझा खुबा पण आहे, मी जपून ठेवणार."

मी हसायचं नाही ठरवलं होतं. नाकातून आलं. त्यालाही आलं, वाकलेल्या अवस्थेत, आणि त्याची पाठ हलली, आणि मग बराच वेळ हलत राहिली, आणि मला कळलं की त्यातलं सगळं हसू नव्हतं. मी पुढे झाले नाही. मला जावंसं वाटलं आणि मी गेले नाही, दोन्ही खरं. मी विचारलं, "उद्या किती वाजता?"

"सव्वानऊ," तो बुटाला म्हणाला.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि मान खाली घालून विचारलं, "गरोदरपणाची तपासणी ना? कितवा आठवडा?" मागे खुर्च्यांवर दहा-बारा माणसं होती. मला मामा आत श्वास घेताना ऐकू आला, तो काहीतरी बोलणार होता, मुख्य अशरच्या आवाजात, आणि मला ते नको होतं. मी म्हटलं, "नाही. मला पाळीत फार रक्त जातं, चक्कर येते, आणि मला कर्करोगाची लस घ्यायची आहे. आठवडा नाही, वर्ष विचारा. पंधरा." ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या मुलीचा आवाज असतो तेवढा माझा आवाज होता. सगळ्या खोलीनं ऐकलं. पत्रकात होतं त्याहून कितीतरी जास्त मी स्वतः, मोठ्यानं, अनोळखी लोकांना सांगितलं होतं, आणि मला काहीच झालं नाही. कान गरम झाले, बस. तेच शब्द दुसऱ्याच्या अक्षरात वाचले तेव्हा मी मेले होते. मागे एक म्हातारी म्हणाली, "सांग त्यांना, पोरी." काउंटरवरच्या बाईनं सॉरी म्हटलं आणि कागद बदलला.

डॉक्टर तरुण होत्या, बोटांची नखं कुरतडलेली, त्यामुळे मला आवडल्या. त्यांनी मामाला सांगितलं की पहिली दहा मिनिटं त्या माझ्याशी एकटीशी बोलतील, सगळ्याच मुलांशी बोलतात. मामा उठला, पण दाराकडे गेला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "जा. बोलावते." तो गेला. मी सगळं सांगितलं. सांगणं दुसऱ्यांदा सोपं जातं, तिसऱ्यांदा तर मी आकडे पाठ केल्यासारखे म्हणत होते. त्यांनी मला जे विचारायचं ते नीट विचारलं आणि एकदाच विचारलं. मग त्या म्हणाल्या, रक्त तपासू, आणि पोटावरून एक तपासणी करू, दुखत नाही. म्हणाल्या, हा त्रास पुष्कळ मुलींना असतो आणि बहुतेक वेळा औषधानं आटोक्यात येतो, आईला झालं ते तुला होतंय असं यातलं काहीही सांगत नाही. मी विचारलं नव्हतं. मी फक्त आई कशानं गेली ते सांगितलं होतं, पण माझा चेहरा बहुधा विचारत होता. त्यांनी मला क्षणभर श्वास घेऊ दिला, मग कीबोर्ड जवळ ओढला. "आईला त्रास पहिल्यांदा कधी सुरू झाला? कसा? रक्तस्राव किती दिवस होता?"

आणि मी तोंड उघडलं आणि त्यात काहीच नव्हतं. मला आईचा आवाज माहीत होता, तिचा नारळाच्या तेलाचा वास, शेवटच्या दिवसांतलं तिचं मनगट, जे माझ्यापेक्षा बारीक झालं होतं. शेवट मला पाठ होता. सुरुवात माझ्याकडे नव्हतीच, कुणी मला दिली नव्हती. मी म्हटलं, "मला माहीत नाही. बाहेर जो उभा आहे, त्याला विचारावं लागेल." डॉक्टरांनी विचारलं, बोलावू? म्हटलं, मी बोलावते.

तो खरंच उभा होता, खुर्ची रिकामी असून. आत आला, बसला, टोपी गुडघ्यावर. डॉक्टरांनी त्याला तोच प्रश्न विचारला. मामा टोपीच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "ऑगस्टमध्ये. ती जायच्या दोन वर्षं आधीच्या. मी तिला रोज कामावर सोडायचो. एका सकाळी ती उतरली आणि सीटवर..." डॉक्टरांनी टाइप करणं थांबवलं. खोलीत हीटरचा बारीक आवाज होता. चार वर्षं आम्ही एका घरात राहतोय, रोज एका टेबलावर जेवतोय, त्याच गाडीत मी रोज त्या सीटवर बसतेय, आणि हे वाक्य त्याच्यात तेव्हापासून असंच अर्धं उभं होतं. त्यानं मान वर केली. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. त्याला फक्त विचारायचं होतं, हे तुझ्यासमोर सांगू का. मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली, तिचे पाय फरशीवर कर्कश वाजले.

"सांग," मी म्हटलं.